समेटाची प्रार्थना

उपास म्हटला की पहिला प्रश्न चहाचा येतो. शहरातल्या तिन्ही ख्रिस्ती मंडळ्यांची संयुक्त बैठक त्यांतल्या एकीच्या पाळकांच्या घरी बसली तेव्हाही तो आलाच. एका मंडळीच्या मते बिनदुधाचा चहा चालत होता, दुसरीला पाण्याखेरीज काही मान्य नव्हतं, आणि तिसरीतल्या एका वृद्ध पंचांनी गोळ्या घ्यायच्या असतात म्हणून स्वतःपुरती दोन बिस्किटं मंजूर करून घेतली. बाप्तिस्म्याला किती पाणी लागतं यावरून जी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या लग्नाला गेली नव्हती, ती चहावरून का होईना, एका खोलीत बसून भांडत होती. पाळकांना याचंच अप्रूप वाटत होतं.

कारणही तसंच होतं. शहराच्या महापौराने कचेरीतल्या एका कारकून बाईच्या अंगाला हात लावला होता. ती बोलली, तेव्हा पक्षाच्या लोकांनी तिला चार समजूतदार माणसांत बसवलं, आपल्या घरातली गोष्ट घरातच मिटवू म्हणून सांगितलं, आणि महापौर दुसऱ्या दिवशी हसत हसत एका बालवाडीच्या उद्घाटनाला गेला. ख्रिस्ती लोकांचा संताप खरा होता, त्यामागे कळकळही होती. ते नाकारण्यात अर्थ नाही. तीन दिवस उपास करायचा, आळीपाळीने अखंड प्रार्थना चालू ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नगर सभागृहात सगळ्यांनी एकत्र जमायचं, असं ठरलं. ‘झाकलेलं उघड होवो’ असा मोठा फलकही रंगवून घेतला.

या सगळ्याचा संयोजक होता पाळकांचा जावई. मुख्य रस्त्यावर त्याचं औषधांचं दुकान होतं. म्हाताऱ्यांना तो घरपोच औषधं देई, कुणाला लागलं-खुपलं तर दुकानाच्या पायरीवर बसवून स्वतः मलमपट्टी करी. आपल्यालाही असा जावई मिळावा, असं मंडळीतल्या अनेक आयांना वाटे.

उपासाच्या पहिल्या दिवशी सकाळी पाळकीणबाई शेगडी घासत होत्या. स्वयंपाक नाही म्हटल्यावर बाईमाणसाला घासायला काहीतरी लागतंच. दार वाजलं. दारात त्यांची लेक उभी होती. ती शाळेत चित्रकला शिकवायची, तिशी उलटली होती, तरी घरात अजून तिला बेबीच म्हणत. डाव्या कानावर पट्टी होती.

“कानाला काय झालं?” पाळकीणबाईंनी विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं. इतकी सुबक पट्टी शहरात एकच माणूस बांधायचा.

“आतून रक्त येत होतं,” बेबी म्हणाली. “त्यानेच बांधली. मारून झालं की तो फार मायेने बांधतो, आई.”

यावर ‘काय सांगतेस काय’ असं म्हणता आलं असतं. पाळकीणबाईंना ते म्हणवेना, कारण लग्नाच्या पहिल्या वर्षापासून त्यांना माहीत होतं. पाळकांनाही माहीत होतं. दोघंही रोज लेकीसाठी प्रार्थना करत आणि त्या प्रार्थनेत ‘त्या दोघांना समजूत दे’ असं म्हणत. एकाला मारण्याची खोड आणि दुसरीला मार, पण समजूत मात्र दोघांना मागायची.

“मी परत जाणार नाही,” बेबी म्हणाली. “समजूत काढून घ्यायला आले नाहीये. राहायला आले आहे.”

पाळक सकाळची प्रार्थना आटोपून आले तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसली होती. त्यांनी पट्टी पाहिली, कोट काढून खुर्चीला अडकवला आणि तिच्यासमोर बसले.

“उपास संपू दे,” ते म्हणाले. “फक्त तीन दिवस, बेबी. तिन्ही मंडळ्या कशाबशा एकत्र आल्यात. संयोजकाच्याच घरातून असं काही बाहेर पडलं तर महापौराची माणसं आपल्या तोंडावर हसतील.”

“हसू देत की.”

“देवाच्या कामाची शोभा होईल गं.”

“माझ्या कानाला काय झालंय, ते तरी विचारा, पप्पा.”

पाळकांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि उत्तर ऐकल्यावर काहीतरी करावं लागलं असतं.

आता पाळकांच्या मंडळीच्या एका रीतीबद्दल सांगायला हवं. नवऱ्याच्या त्रासाला कंटाळून एखादी बाई माहेरी किंवा पाळकगृहात आली, की समेट होई. पाळक दोघांना समोरासमोर बसवत, एकाचा हात दुसऱ्याच्या हातात देत आणि डोळे मिटून प्रार्थना करत. मग पाळकीणबाई स्वतः त्या बाईला चालत तिच्या घरी पोचवत, तिच्याच स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत, दोघांना चहा देत आणि परत येत. या रीतीचा सगळ्यांना फार अभिमान होता. ‘आमच्या मंडळीत आजवर एकही घर मोडलं नाही,’ असं पाळक दुसऱ्या मंडळ्यांना सांगत. घर मोडलं नाही हे खरंच होतं. त्या घरांमध्ये काय काय मोडलं, हे मोजायची रीत मात्र नव्हती.

दुपारी जावई आला. उपासाने त्याचा चेहरा उतरला होता. सासू-सासऱ्यांसमोर तो गुडघ्यांवर बसला आणि हमसून हमसून रडला. हे रडणं ढोंगी असतं तर बरं झालं असतं. त्याला दर वेळी खरोखरच वाईट वाटायचं, आणि ते वाटून झालं की हलकंही वाटायचं.

“माझं चुकलं, बाबा. कामाचा ताण आहे. सैतान अशा वेळीच हल्ला करतो,” तो म्हणाला. “समेट करून द्या.”

पाळकांनी बेबीचा हात धरला. तिने तो मागे ओढला. त्यांनी पुन्हा धरला, जरा घट्ट, आणि जावयाच्या हातात दिला. प्रार्थना लांबली. आमेन तीन आवाजांत झालं. चौथा आला नाही याची कुणी दखल घेतली नाही. जावई साखळी प्रार्थनेची पाळी होती म्हणून पुढे गेला आणि रीतीप्रमाणे पाळकीणबाई लेकीला घेऊन निघाल्या.

वाटेत त्या नेहमीचं सगळं बोलल्या. तो मनाने वाईट नाही. राग आला की तू गप्प बसत जा. पुरुषाला बाहेर किती सोसावं लागतं. मीही सोसलंच की. अशा कितीतरी बायकांना चालता चालता सांगून त्यांचं हे बोलणं आता घोटल्यासारखं झालं होतं. बेबी काहीच बोलत नव्हती, तेव्हा पोरीला पटतंय असं त्यांना वाटलं.

कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दारात शिंपीणबाई उभी होती. तिलाही त्यांनी एकदा असंच पोचवलं होतं. तिने आधी बेबीची पट्टी पाहिली, मग पाळकीणबाईंच्या हातातला बेबीचा हात पाहिला.

“आज घरचीच का, बाई?” ती म्हणाली आणि आत निघून गेली.

पाळकीणबाईंचं तोंड उतरलं. चार पावलं गेल्यावर त्या म्हणाल्या, “लोकांचं मनावर घेऊ नकोस. कळतंय ना, मी काय म्हणते ते?”

बेबी थांबली. तिने आईकडे पाहिलं.

“तू काही म्हणत होतीस का? या बाजूने बोलू नकोस, आई. या कानाने मला आता ऐकू येत नाही.”

भर रस्त्यात पाळकीणबाई उभ्या राहिल्या. इथून मागे फिरता आलं असतं. पाळकगृह अजून दिसत होतं. पण त्या सरावाने पुढे चालू लागल्या, लेकीच्या उजव्या बाजूला येऊन. तिच्या घरी जाऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं. बेबीने सांगितलं, “आज उपास आहे ना,” तेव्हा गॅस बंद केला आणि त्या निघून आल्या. एका आईने केलेल्या या कामाला काय म्हणावं, हे लिहिणाऱ्याला माहीत आहे, पण ते लिहायला हात धजत नाही.

मधला दिवस प्रार्थनेत गेला. महापौराला झाकणाऱ्या लोकांची नावं घेऊन घेऊन बायका रडल्या. पाळकीणबाईही त्यांच्यात गुडघे टेकून बसल्या होत्या. पण ‘झाकणारे’ हा शब्द आला की त्या आमेन म्हणायचं चुकवायच्या. त्या रात्री नवऱ्याजवळ त्या एवढंच म्हणाल्या, “अहो, तिचा कान गेलाय.” पाळक कुशीवर वळले आणि म्हणाले, “उद्याचा दिवस पार पडू दे.”

तिसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं. तिन्ही मंडळ्यांची गायकमंडळं एका ओळीत उभी होती, वर्तमानपत्रांची माणसं आली होती, मागच्या भिंतीवर तो फलक होता. जावई प्रार्थनेला उभा राहिला. आवाज मुळात चांगला, त्यात उपासाने आलेला कातरपणा.

“हे प्रभू,” तो म्हणाला, “एका दुबळ्या बाईचा आवाज दाबणाऱ्यांना तू सोडू नकोस. पदाच्या, प्रतिष्ठेच्या आड जे दडलं आहे ते चव्हाट्यावर आण!”

“आमेन!” सभागृह दणाणलं.

व्यासपीठावरून पाळकीणबाई पहिल्या रांगेतल्या लेकीकडे पाहत होत्या. बेबीने डोक्याला स्कार्फ बांधला होता. तिने उजवा हात उचलला आणि उजव्या कानावर घट्ट दाबून धरला. शेजारणीला वाटलं, उपासाने डोकं दुखत असेल. आईला मात्र कळलं. तो एकच कान उरला होता, आणि त्यात हे शब्द शिरू नयेत म्हणून तिने तो बंद केला होता.

पुढची प्रार्थना पाळकीणबाईंची होती, शहरातल्या स्त्रियांसाठी. त्या माइकसमोर आल्या. लोकांनी डोळे मिटले.

“डोळे उघडा,” त्या म्हणाल्या. “मला प्रार्थना करायची नाही. त्या महापौराला त्याच्या पक्षाने झाकलं. आपल्यात झाकायचं काम माझ्याकडे आहे. कितीतरी जणींना मी मार खायला परत पोचवून आले आहे, हाताला धरून. परवासुद्धा एकीला...”

जावई चटकन उठून आला. त्याने आदराने त्यांच्या कोपराला धरलं. “आई, बसा. उपासाने चक्कर आलीये तुम्हाला.”

सभेने सुटकेचा निःश्वास टाकला. चक्करच असणार! कुणी ग्लुकोजचं पाणी आणायला धावलं, कुणी वाटेतली माणसं बाजूला केली. सगळ्यांनाच एकदम फार काळजी वाटू लागली.

“मला चक्कर आलेली नाही,” पाळकीणबाई म्हणाल्या. “तुझा हात काढ.”

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ‘बोलू दे तिला’ एवढंच म्हणायचं होतं. पाळकांनी गायकमंडळाकडे वळून हात वर केला आणि गीत सुरू करून दिलं. तिन्ही मंडळ्या अखेर एका सुरात गाऊ लागल्या. पाळकीणबाईंचे ओठ हलताना दिसत होते, पण शब्द कुणाच्या कानी पडला नाही.

त्या बोलायच्या थांबल्या. व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून लेकीजवळ गेल्या, तिच्या उजव्या बाजूला वाकल्या आणि विचारलं, “बेबी, तुला कुठे जायचंय? तू सांगशील तिथे येते.”

“पोलिसांत,” बेबी म्हणाली.

दोघी मधल्या वाटेने निघाल्या. गाणं चालूच होतं. कुणी अडवलं नाही आणि कुणी सोबतही आलं नाही. फक्त शेवटच्या रांगेतून शिंपीणबाई उठली आणि त्यांच्यामागून चालू लागली.

गीत संपलं, दुसरं झालं, तिसरंही झालं. आता आशीर्वाद द्यायचा आणि उपास सोडायचा एवढंच राहिलं होतं. पाळक पुढे आले. त्यांनी हात वर केले. तेच हात, ज्यांनी परवा लेकीचा हात दुसऱ्यांदा घट्ट धरला होता. लोक माना झुकवून वाट पाहत राहिले. पाळकांनी आशीर्वाद न देताच हात खाली घेतले, कोट उचलला आणि बाजूच्या दाराने बाहेर पडले.

पोलीस ठाण्यात एका लांब बाकावर तिघी बसल्या होत्या. बेबीची पट्टी सोडलेली होती. टेबलाशी बसलेली पोलीसबाई तक्रार लिहून घेत होती. पाळक आत आले, पण बाकावर जागा असूनही बसले नाहीत. बसायला त्यांना कुणी सांगितलंही नाही.

“म्हणजे मार खाऊन तुम्ही त्याच दिवशी आईवडिलांकडे गेला होतात,” पोलीसबाई बेबीला म्हणाली. “मग परत त्याच्याच घरी कशा गेलात? जबरदस्तीने नेलं का त्याने?”

बेबीने खाली पाहिलं. पाळकीणबाईंनी तोंड उघडलं. त्यांना दोष आपल्यावर घ्यायचा होता. पण पाळक पुढे झाले.

“त्याने नेलं नाही,” ते म्हणाले. “मी पाठवलं.”

“तुम्ही कोण?”

“वडील.”

पोलीसबाईने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. तिला वाटलं, या माणसाला प्रश्नच समजलेला नाही. म्हणून तिने पुन्हा, सावकाश विचारलं, “मुलीला मारतो हे तुम्हाला माहीत होतं का, काका?”

“होतं.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून,” पाळक म्हणाले. “लिहा.”