कार्ड उशिरा आलं

फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलोत लग्नाला आलेला पाहुणा जेवला की लगेच उठत नाही. सकाळी चर्चमध्ये जे घडलं त्याची फिल्म त्याच दिवशी, जेवणाच्या हॉलमध्ये, पडद्यावर दाखवतात. ती बघायची, नवरीच्या आईबरोबर चार टिपं गाळायची आणि मग घरची वाट धरायची. ही फिल्म घाईघाईत जोडून देणारा माणूस कुणाच्या नजरेस पडत नाही. तो कुठल्यातरी कोपऱ्यात, स्पीकरच्या मागे, प्लगजवळची जागा धरून बसलेला असतो. मानांग डेल्फांच्या, म्हणजे डेल्फाताईंच्या, मंडळीत हा माणूस म्हणजे रुस्तिको पाल्मारेस.

मानांग डेल्फा विधवा. नवरा गेल्यावर त्यांनी त्याचा फोटो स्टुडिओ मोडला नाही, उलट लग्नाच्या व्हिडिओंचं काम वाढवलं. कॅमेरा जोवेलिनकडे. ती रुस्तिकोपेक्षा बरीच लहान, म्हणून त्याला 'नोंग' म्हणायची, आपण दादा म्हणतो तसं. पोरगी कामाला वाघ होती. पाद्रीबाबांच्या पाठीमागून, फुलांच्या कमानीखालून, कुठून कुठून शिरून चित्रं टिपायची. संध्याकाळच्या फिल्मला लोक टाळ्या वाजवायचे त्यातल्या निम्म्या तिच्या होत्या, हे रुस्तिकोही कबूल करायचा.

रुस्तिकोचा जुना लॅपटॉप जाडजूड होता. काम चोख करायचा, पण पंखा असा घरघरायचा की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायचे. शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात एकदा नवऱ्याच्या आजीने तोंडातला घास थांबवून विचारलं, "तोतो, बाळा, त्यात भात शिजतोय का रे?"

सगळं टेबल हसलं. रुस्तिकोही हसला. पण त्याच हॉटेलात पलीकडच्या हॉलमध्ये दुसऱ्या स्टुडिओचा माणूस होता. कुरकुरीत पांढरा शर्ट, समोर वहीइतका पातळ लॅपटॉप, आवाज नाही की काही नाही. नवरीच्या मैत्रिणी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. रुस्तिकोच्या खांद्यावरून त्या दिवशी फक्त वाढप्याने वाकून बघितलं होतं, आणि तेही रिकामी बाटली उचलायला.

पुढे तो जुना लॅपटॉप एका लग्नाहून परतल्यावर चालूच होईना. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. मानांग म्हणाल्या, "नवा घे. त्यातलं मला काही कळत नाही, तुला कळतं. तू म्हणशील तो."

रुस्तिको जोवेलिनला घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने दोन लॅपटॉप समोर ठेवले. किमती साधारण सारख्याच. एक जाड, काळा, त्याचा चार्जरच विटेएवढा. दुसरा पातळ, चंदेरी, एका हाताने उचलला तर उचलला असं वाटूही नये. जोवेलिन लांबूनच म्हणाली, "काळा घे, नोंग. राबणारा दिसतो." आणि ती कॅमेऱ्याचे स्टँड बघायला पलीकडे गेली.

दुकानदार भला माणूस होता. "काम काय करणार?" त्याने विचारलं. रुस्तिकोने सांगितलं. "मग हा जाडाच घ्या. हा चंदेरी लिहाय-वाचायला, हिंडण्या-फिरण्याला उत्तम. पण तासन् तास व्हिडिओ जोडायला बसलात तर तापेल, आणि तापला की रेंगाळेल."

रुस्तिकोला हे सांगायची गरज नव्हती. त्याला ते आधीच माहीत होतं. त्याने चंदेरी लॅपटॉप पुन्हा उचलून पाहिला, उघडला, काळ्याशार पडद्यात स्वतःचा चेहरा पाहिला. जोवेलिन परत आली तेव्हा तो पिशवीत गेला होता.

"अरे, हा?" ती म्हणाली.

"आतलं सगळं तेच आहे गं. नुसतं अंग कमी."

मानांगनाही त्याने हेच सांगितलं. दोघींनी मान डोलावली. त्या विषयात त्याच्या शब्दावर शंका घ्यायची कुणाला सवयच नव्हती.

पहिली काही लग्नं निभावली. रुस्तिको फिल्म थोडी आखूड करायचा, चित्राचा दर्जा जरा उतरवायचा, कुणाच्या लक्षात यायचं नाही. आता तो पांढरा शर्ट घालू लागला. हॉटेलात शिरताना लॅपटॉप बॅगेत न ठेवता काखेत धरायचा.

मग गिंबाल गावचं लग्न आलं. नवरी आर्लीन. तिचे वडील मानोंग फेलिसियानो मालवाहू बोटीवर स्वयंपाकी. अख्खं आयुष्य समुद्रावर काढलेला माणूस. आर्लीनचा पहिला वाढदिवस, शाळेचा निरोप समारंभ, कशालाच ते घरी नव्हते. लग्नाला मात्र आले होते. पण बोट त्यांच्यासाठी थांबणार नव्हती. दिवस मावळता मावळता गाडी येणार, विमानतळावर नेणार, तिथून मनिला आणि पुढे बोट. आर्लीनने मानांगना हात जोडून सांगितलं होतं, "बाबा निघायच्या आत फिल्म दाखवा. एवढं कराच."

"दाखवू," रुस्तिकोच मध्ये बोलला होता.

सकाळी चर्चमध्ये आर्लीनने जोवेलिनला कानात सांगितलं, समारंभ संपल्यावर आम्हा बापलेकींचं अंगणात थोडं चित्रण कर. म्हणून जोवेलिन मागे राहिली आणि कॅमेऱ्याचं कार्ड नेहमीपेक्षा थोडं उशिरा घेऊन आली. फार नाही. हॉलमध्ये अजून सूपही वाढलं नव्हतं. जाड लॅपटॉप असता तर दोन फिल्म जोडून झाल्या असत्या.

चंदेरी लॅपटॉप तासाभरात तापला. तळाला हात लावला तर चटका बसत होता. रुस्तिकोने खाली चमचे ठेवून तो उंच केला, वाढप्याकडून बर्फ मागवून रुमालात बांधला, टेबलावरचा पंखा आपल्याकडे वळवला. जोडणी कशीबशी झाली. आता संपूर्ण फिल्म एकत्र बांधायची तेवढी बाकी होती. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली, मग थांबली, मग सगळंच बंद पडलं. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

निवेदक पाहुण्यांना खेळ खेळवत होता. मानोंग फेलिसियानो रुस्तिकोच्या टेबलाशी आले. अंगावर अजून लग्नाचा भरजरी शर्ट, पण पायात प्रवासाचे बूट.

"तोतो, किती वेळ लागेल?"

"पाच मिनिटं, मानोंग."

"बरं, बरं. सावकाश कर. चांगलं होऊ दे."

ते परत गेले. पुन्हा आले. रुस्तिकोने पुन्हा पाच मिनिटं सांगितली. पट्टी अर्ध्यावरही नव्हती आणि हे त्याला दिसत होतं. तिसऱ्यांदा ते आले नाहीत. दाराशी गाडी लागली होती. पिशवी खांद्याला लावून ते पडद्याकडे तोंड करून उभे राहिले, जणू एवढ्यात सुरू होईल. मग ड्रायव्हरने आत येऊन त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी आर्लीनला मिठी मारली आणि ते गेले.

त्यानंतर फिल्म तयार झाली तरी लावायची कुणाला इच्छा उरली नव्हती. आर्लीन डोकं टेबलावर टेकून रडत होती. मानांग डेल्फा तरातरा कोपऱ्यात आल्या.

"काय झालं रुस्तिको? झालं काय?"

आपण लॅपटॉपचं सांगू असं त्याला खरंच वाटलं होतं. पण तोंडून निघालं, "कार्ड उशिरा आलं."

"कार्ड?"

"जोवेलिनने उशिरा दिलं. मी तरी काय करणार?"

मानांग वळल्या. जोवेलिन मागेच उभी होती. सगळ्या हॉलसमोर मानांगनी तिला झाडलं. "अंगणात काय फुलपाखरं पकडत होतीस? तुला सांगितलं होतं ना, त्या बापाला जायचंय म्हणून?" आर्लीन उठून आली. अंगणातलं चित्रण आपणच सांगितलं होतं हे तिला त्या क्षणी आठवलं नाही, किंवा आठवूनही दुःखापुढे सुचलं नाही. "तुझ्यामुळे गेले माझे बाबा," ती म्हणाली. "न बघता गेले."

रुस्तिको वायर गुंडाळत राहिला. त्याला वाटलं, जोवेलिन आता बोलेल, आता म्हणेल, की कार्ड दिलं तेव्हा सूपसुद्धा वाढलं नव्हतं. पण तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "चुकलं माझं."

परतीच्या गाडीत ती त्याच्या शेजारी बसली. मग हळूच म्हणाली, "सॉरी, नोंग. माझ्यामुळे तुझी मान खाली गेली."

तिचा त्याच्या शब्दावर विश्वास बसला होता. तिने भांडण काढलं असतं तर रुस्तिकोला पेलवलं असतं. हे पेलवेना. तरीही तो म्हणाला, "जाऊ दे. होतं असं." आणि मोठ्या मनाच्या माणसासारखा खिडकीबाहेर बघत राहिला. त्या चार शब्दांची लाज त्याला पुढे मूळ खोटेपणापेक्षाही जास्त वाटली.

त्याने फिल्म आर्लीनला पाठवली. ती बाबांपर्यंत पोचायला वेळ लागणार होता, बोटीवर फोनला धड रेंज नसते. स्टुडिओत मानांगनी जोवेलिनचा कॅमेरा काढून घेतला आणि तिला दिवे धरायला लावलं. वर रुस्तिकोला म्हणाल्या, "तिला नीट बसवून समजाव. कार्ड कधी द्यायचं, वेळ कशी सांभाळायची. तुझं ऐकते ती."

आणि रुस्तिको समजवायला बसलासुद्धा. जोवेलिन समोर स्टुलावर, हात मांडीवर ठेवून. तो सांगत होता, चर्चमधला महत्त्वाचा भाग संपला की पहिलं कार्ड लगेच आणून द्यायचं, बाकीचं दुसऱ्यावर. ती मान हलवत होती. मग तिने विचारलं, "म्हणजे त्या दिवशी मी किती आधी दिलं असतं तर झालं असतं, नोंग? नेमकं सांग, म्हणजे पुन्हा नाही होणार."

रुस्तिकोने शेजारचा चंदेरी लॅपटॉप तिच्यासमोर सरकवला.

"तुझं कार्ड वेळेत आलं होतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"लॅपटॉप झेपेना. दुकानदाराने सांगितलं होतं, जाडा घ्या. मला आधीच माहीत होतं."

"मग हा का घेतलास?"

"पातळ होता म्हणून."

जोवेलिन त्याच्याकडे बघत राहिली. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं, तसा तिचा चेहरा हळूहळू बंद झाला.

"मानांगना सांगितलंस?"

"अजून नाही."

"मग मला आधी का सांगतोयस? मी म्हणावं म्हणून, की जाऊ दे, नको सांगूस?"

त्याच्या मनात कुठेतरी तसंच होतं. ती उठली आणि दिव्यांच्या वायरी आवरायला लागली.

मानांग मागच्या अंगणात मासे साफ करत होत्या. रुस्तिकोने उभ्यानेच सगळं सांगितलं. त्या खवले काढत राहिल्या, मग सुरी थांबली.

"मी त्या पोरीला गावादेखत बोलले."

"हो."

"ते शब्द आता कुठून उचलून आणू मी?" त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "लॅपटॉपचं बघू, तो बदलता येईल. तू रविवारी गिंबालला जा. एकटा जा. मी फोनबिन करणार नाही, तुझं तू सांग."

हात धुऊन त्या तशाच जोवेलिनकडे गेल्या. आत दोघींचं काय बोलणं झालं ते रुस्तिकोला ऐकू आलं नाही. शनिवारच्या लग्नाला कॅमेरा पुन्हा जोवेलिनकडे होता. कार्ड घेऊन ती रुस्तिकोच्या टेबलाशी आली, पण द्यायच्या आधी जवळून जाणाऱ्या वाढप्याला थांबवून म्हणाली, "दादा, बघा हं, मी देतेय." वाढपी गोंधळून हसला. ती हसली नाही. रुस्तिको मोठ्याने म्हणाला, "मिळालं." त्यानंतर प्रत्येक लग्नात ती कुणा ना कुणाला असं थांबवत राहिली, आणि तो प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणत राहिला.

रविवारी तो गिंबालला गेला. आर्लीन माहेरीच होती. तिची आई, नांग पुरिता, अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होती. त्याला पाहून दोघींनी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. त्याने सांगितलं.

आर्लीनने तोंडावर हात धरला. "म्हणजे त्या मुलीचं काहीच नव्हतं? अंगणात मीच तिला थांबवलं होतं. मी तिला काय काय बोलले..." ती फोन शोधायला आत पळाली.

नांग पुरिता कपडे हातात धरून उभी होती. "हे दोनदा आले होते तुझ्याकडे विचारायला."

"हो."

"तू पाच मिनिटं म्हणालास. तेव्हा तुला ठाऊक होतं, होणार नाही म्हणून?"

"हो, नांग."

"मग तेव्हाच सांगायचं होतंस रे." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "निदान जेवले तरी असते. मी ताट वाढून ठेवलं होतं. म्हणाले, थांब, फिल्म होऊ दे, मग निवांत बसतो. जन्मभर दुसऱ्यांना रांधून घालणारा माणूस, मुलीच्या लग्नात उपाशी गेला."

रुस्तिकोने मान वर केली नाही. आतून आर्लीनचा आवाज येत होता, "जोवेलिन, मी आर्लीन बोलतेय..." आणि मग रडणं.

जेवणाची वेळ झाली होती. नांग पुरिताने कपडे दोरीवर परत टाकले आणि स्वयंपाकघरात गेली. रुस्तिको निघतो म्हणाला, तर ती आतूनच म्हणाली, "दारात आलेला माणूस आमच्याकडे उपाशी जात नाही. बस."

तिने भात वाढला, कोंबडीचा रस्सा वाढला, मिठात मुरवलेल्या कैरीची फोड ठेवली आणि समोर बसून माश्या वारू लागली. रुस्तिकोने चमचा उचलला. पानात काही टाकणं शक्य नव्हतं. तो खाली मान घालून शेवटच्या शितापर्यंत जेवला. ती दोनदा म्हणाली, "अजून घे," आणि दोन्ही वेळा त्याने ताट पुढे केलं.