वाऱ्याच्या वाटेवरची गावं

प्रथमेशचे डोळे चुरचुरत होते. चार वर्षं एकच काम: उडालेली धूळ वारा कुठवर नेतो, याचं गणित. मिशिगनमध्ये पीएचडीला आला तेव्हा ते खाणींसाठी लिहायला घेतलं होतं. चाचणीला नकाशा हवा म्हणून त्यानं आपल्या वाईचा घातला. डोंगर, नदी, वारे, सगळं तोंडपाठ.

तो बदलायचा राहूनच गेला. आणि आज सकाळी त्याचे गाईड, डेव्हिड, यांनी पाहुण्यांपुढे नेमका तोच लावला. दोन हजार चार साल. इराकचं युद्ध चाललेलं. खोल तळघरं फोडणारा छोटा अणुबॉम्ब असावा की नसावा, यावर पाहुणे सरकारसाठी अहवाल लिहिणार होते.

पडद्यावर पसरणीच्या घाटात एक ठिपका लाल झाला. लाली, म्हणजे स्फोटानंतरची किरणोत्सारी धूळ, उतरणीला लागली. वाईवरून ओझर्ड्याला, तिथून पाचवडला, भुईंजला. माहेराहून निघालेली लेक जाते तशी सावकाश, प्रत्येक दारात थांबत.

"हानी मर्यादित आहे," एक पाहुणा म्हणाला. "युद्ध लवकर संपणार असेल, तर एवढी सोसावी लागेल."

वाईट माणूस नव्हता तो. मघाशी प्रथमेशला कॉफी त्यानंच ओतून दिली होती.

जाताना डेव्हिडनी खांद्यावर हात ठेवला. "गावांची नावं काढ, नुसते नंबर दे. नावांनी लक्ष विचलित होतं. आज पाठवलंस तर पुढच्या दोन वर्षांच्या फंडिंगचं पक्कं करतो."

फंडिंग गेलं की व्हिसा गेला. आणि त्याच्याच व्हिसावर बायको, सावनी, इथं राहत होती.

"करून टाक ना यार," शेजारच्या टेबलावरून नागपूरचा गिरीश म्हणाला. "तू काय बॉम्ब टाकून राहिला का बे? धूळ तर मोजून राहिला!"

"कुणाच्या तुळशीवर पडते ते दिसलं रे आज."

"मग वाई हटव. जिथं तुझं कोणी नाही, असं गाव टाक."

"तिथं दुसऱ्या कुणाचं तरी असेलच की."

गिरीशनं बिस्किटाचा पुडा इकडे सरकवला.

प्रथमेशनं पसरणी खोडून एक लिहिलं. ओझर्डे खोडून दोन.

लग्नघरी हळद दळायला त्याच्या वाईच्या मीनाक्षीमावशीला गावोगावचं बोलावणं असे. ती ओव्या मोजून गाई. पहिली पसरणीच्या आत्याला, दुसरी ओझर्ड्याच्या नणंदेला, तिसरी पाचवडच्या विहिणीला. एकही आकडा ती रिकामा जाऊ देत नसे. कुणी उरलं नाही तर दारातल्या गाईला देई.

आता एक लिहिला की आत्या जात्याशी येऊन बसे, हातभर हळद माखलेली. दोन लिहिला की नणंद. तीन त्याच्यानं लिहवेना.

त्यानं खोडलेली नावं परत घातली. मग डेव्हिडना चार ओळी लिहिल्या: नावं काढणार नाही. या कामासाठी हे गणित चालवून देणार नाही. खाणींचं काम उरलं असेल तर करीन. नसेल तर तसं कळवा.

पाठवलं. हलकंबिलकं काही वाटलं नाही. पाठ तेवढी दुखत होती.

त्यानं घरी फोन लावला.

"सावनी, आपलं सामान किती बॅगांत मावेल गं?"

ती म्हणाली, "आधी जेवायला ये. मग मोजू."