चतुराबाईची मरळ

उकंडराव गळ न लावता मासे धरायला बसतो, म्हणून अख्खं गाव त्याला हसायचं. दिवस कलला की तो टेकड्यांखालच्या कयाधू नदीच्या डोहावर जाई, भाकरी कुस्करून पाण्यात टाके आणि बघत राही. मरळ ही मोठी मजेशीर जात. तिचं पाण्यातल्या पाण्यात भागत नाही, अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. डोहातली एक मरळ वर आली की तिच्या ओठात सोनं चमके, आणि उकंडराव सुखानं घरी जाई.

ते सोनं त्याच्या बायकोचं, चतुराबाईचं. एकदा हीच मरळ त्याच्या गळाला लागली आणि तिच्या ओढीनं तो पुरात गेला. काठावर चतुराबाईनं हंबरडा फोडला. तो कसाबसा बाहेर आला, तेव्हा दोरी मुठीतच होती आणि दोरीला मरळ. बाईनं नाकातली नथ काढून तिच्या ओठात घातली नि तिला सोडून दिलं.

"हिनं तुमाला माघारी देलं. आता हिला धरायचं न्हाई."

पुढं आठ वर्षं चतुराबाई नाकात निंबाची काडी घालून हिंडली. नवी नथ घेऊ म्हटलं की डोळे वटारायची. सोन्याचं कळलं तर गाव गळ घेऊन धावेल, म्हणून दोघांनी कुणाला सांगितलं नाही. गेल्या साली ती तापानं गेली. आता तिचं जिवंत असं त्या डोहातच काय ते उरलं होतं.

आणि यंदा डोह आटला. गुडघाभर पाणी राहिलं. उद्या सगळं गाव उतरून मासे वाटून घेणार, अशी दवंडी झाली. उकंडरावाला जेवण गेलं नाही. तो घागर आणि चतुराबाईचं जपून ठेवलेलं लुगडं घेऊन निघाला.

तांड्यावरचा लालसिंग डोहाशी बैल पाजत होता.

"मामा, लुगडं धुवाया आले का?"

"दुसरं टोक धर," उकंडराव म्हणाला, आणि त्यानं त्याला सगळं सांगून टाकलं.

लालसिंगाचं हसू मावळलं. दोघांनी लुगडं ताणून चिखल पिंजून काढला. ऊन पिवळं पडलं, पाण्यावर टेकड्या हलू लागल्या, तेव्हा कुठं एक जड मरळ झोळीत आली. ओठात नथ नव्हती. नुसतं नथीचं जुनं भोक होतं.

उकंडरावानं त्यावरून बोट फिरवलं आणि तो ढसाढसा रडला.

घागरीतून तिला त्यांनी खालच्या, कधी न आटणाऱ्या खडकातल्या डोहात सोडलं. थोड्या वेळानं ती वर आली, हवेचा घोट घेऊन खाली गेली. काही चमकलं नाही.

"मामा, आता हिला कशावरनं वळखसान?" लालसिंगानं विचारलं.

उकंडराव चिखलानं भरलेलं लुगडं पाण्यात खळबळत होता.

"आठ वर्सं चतुराला बिननथीचीच पाह्यली म्या," तो म्हणाला. "वळखीन की."