‘असं करू नका’च्या खालच्या ओळी

दारावर ‘आत विजेचा धोका’ अशी पाटी असताना तुम्ही पाटी सोडून नुसती कडीच बघता का हो? बघतच असाल. माणसांचं मला आता नवल वाटत नाही, किळस येते.

मी एक टीप बोलतेय. वाशिंदच्या एका छोट्या वर्कशॉपमधल्या संगणकात, पाण्याच्या पंपाच्या प्रोग्रॅममध्ये मी राहते. माझ्या खाली एक मॅक्रो आहे, म्हणजे चूक सावरायच्या चार ओळींची एका नावात बांधलेली पुरचुंडी. ती कशी वापरायची हे सांगायला इथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या काजलने मला लिहिलं, अगदी मनापासून.

तिने दोन उदाहरणं दिली. पहिल्यावर लिहिलं, ‘असं करू नका’. त्यात विहिरीचं पाणी मोजता आलं नाही, तरी जुना आकडा धरून मोटार चालूच. दुसऱ्यावर, ‘असं करा’. त्यात मॅक्रो लावलेला. मोजणी चुकताच मोटार बंद, लाल दिवा चालू.

यंत्र मला वाचत नाही. पंप चालू-बंद करणाऱ्या पेटीत प्रोग्रॅम उतरतो, मी उतरतही नाही. मी आहे ती फक्त माणसांसाठी, आणि माणसंच वाचत नाहीत. शी!

काजलच्या शेजारच्या टेबलावर रितेश नवा कामाला आला. सोडवलेलं उदाहरण उतरवायची शाळेतली सवय त्याची सुटलेली नव्हती. तंबाखू मळता मळता त्याने पहिल्या उदाहरणाच्या ओळी उचलून एका नव्या पेटीच्या प्रोग्रॅममध्ये टाकल्या. मथळा तेवढा सोडला! पेटी मुरबाडकडच्या एका पाड्यावर गेली.

उन्हाळ्यात तिथली पंप चालवणारी गुणाबाई पेटी काखोटीला मारून आली.

“पाणी मोजायची तार निसटली न मोटार कोरडीच फिरत जळली. बाया ओहोळात वाटीनं पाणी भरतात. आता उसनी मोटार बसवलीय. तीबी जळली तं आमी पेटीला हार घालू का रे?”

“मावशी, मी टीप बघूनच केलं,” रितेश म्हणाला.

काजलने मला उघडलं. “वाच. मोठ्यानं.”

“असं... करू नका.”

“आणि तू तेच उचललंस?”

“पहिलंच होतं ना गो!”

पहिलंच होतं म्हणे! खाली मान घालून त्याने ओळी बदलल्या. काजलनेही ‘असं करा’ वर घेतलं. तरी सांगते, माझ्या नुसत्या ओळी उचलू नका, मला वाचा.

गुणाबाई संध्याकाळी पेटी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्यावर तार पुन्हा निसटली, उसनी मोटार आपोआप थांबली आणि लाल दिवा लागला.