पश्चिमेच्या भिंतीतली फट

अबूबकर मिस्त्रीचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. आखातातल्या समैस्मा गावच्या जुन्या हवेलीचा तबेला दुरुस्त होऊन तयार होता, उद्या मालक ताबा घेणार होते, आणि चाचणीसाठी आणलेली पांढरी घोडी काही केल्या आत उभी राहत नव्हती. आत नेली की घामाने निथळायची, खुरांनी जमीन उकरायची, दोर तोडायला बघायची. कुणी म्हणे नव्या गिलाव्याचा वास, कुणी म्हणे नजर लागली. माणसाला कारण सापडलं नाही की नजर लागतेच.

तबेला मात्र देखणा झाला होता. समुद्रातल्या दगडांच्या हातभर जाड भिंती, वर लाकडी वाशांवर खजुरीच्या चटया, आठ कप्पे, प्रत्येकात दगडी गव्हाण. राजापूरच्या या माणसाने एकतीस वर्षं इथल्या शहरात, वेस्ट बे भागात मनोरे उभे केले, पण एकाच्याही दारावर त्याचं नाव नव्हतं. इथे मालकांनी स्वतः सांगितलं होतं, दारापाशी पितळी पाटी लागेल आणि तिच्यावर मिस्त्रीचं नाव असेल. पाटी आलीसुद्धा. अबूबकरने तिचा फोटो गावी बायकोला, हजराला पाठवला, आणि हजराने तो अख्ख्या मोहल्ल्याला दाखवला. आता बोला!

दुपारी तो पुन्हा फेरी मारायला गेला. बाहेर शमाल सुटला होता. वायव्येच्या त्या वाऱ्यात टोपी धरून चालावं लागत होतं. आत शिरला आणि त्याचा जीव गुदमरला. बाहेर एवढा वारा, आणि आत चटईची काडी हलत नाही?

त्याने पश्चिमेच्या भिंतीकडे पाहिलं.

दुरुस्तीआधी त्या भिंतीत प्रत्येक गव्हाणीच्या वर एक आडवी फट होती, वीतभर उंच, वाळूने बुजलेली. नकाशात ती नव्हती. अबूबकरने ती पडझड समजून दगड-चुन्याने भरून टाकली होती, कुणाला न विचारता. कोकणातला माणूस दुसरं काय करणार? पश्चिमेला भोक राहिलं की आषाढातली झड थेट अंथरुणावर, हे त्याचं बाळकडू. पण इथे झड कुठली? ती फट वारा आत घ्यायलाच ठेवलेली होती, आणि या शहाण्याने नेमकी तीच बंद केली होती.

तो तडक साइट इंजिनीअरकडे गेला. हॅरी वसईचा, वयाने मुलासारखा. ऐकून त्याने कपाळावर हात मारला.

"चाचा, उद्या हँडओव्हर आहे. कुणाच्या लक्षात आलेलं नाय. मागाहून एसी लावतील. खलास!"

"एसी लावतील तवा लावतील, हॅरीसाहेब. घोडी आज तडफडतेय."

"भिंत फोडलीत तर रिपोर्ट द्यावा लागेल. चूक कोणाची ते लिहावं लागेल. मग पाटीवर तुमचं नाव ठेवतील का?"

अबूबकर बाहेर आला. तबेल्याभोवती चार फेऱ्या मारल्या. आधी स्वतःवर चिडला, मग घोडीवर. मेली दुसरी कुठली असती तर गप उभी राहिली असती! मोबाइलमधला पाटीचा फोटो काढून पाहिला, खिशात टाकला, परत काढला. एवढी एक गोष्ट त्याला हवी होती, आणि ती हातची सोडवत नव्हती.

आत घोडी पुन्हा खिंकाळली. त्याने छिन्नी-हातोडा उचलला.

पहिली फट मोकळी व्हायला तास लागला. शेवटचा दगड निघाला तसा वारा आत घुसला आणि वरच्या चटया सळसळल्या. घोडीने फटीपाशी नाक नेलं, दोन लांब श्वास घेतले आणि गव्हाणीत तोंड घातलं. अबूबकरला एकदम रडू आलं.

हॅरी दारात लॅपटॉप घेऊन उभा होता. "नकाशात फटच नव्हती, एवढंच लिहितो. ते काय खोटं नाय."

"नको. ती मी भरली, कुणाला न इचारता. माजा नाव लिवा."

"चाचा..."

"पाटीवर होता तसाच लिवा, पुरा. अबूबकर हसन सोलकर."

हॅरी टाइप करेपर्यंत तो थांबला, नावातली अक्षरं एकदा नीट वाचून घेतली, आणि दुसऱ्या कप्प्यात शिरला. अजून सात फटी उरल्या होत्या.