हवा वर, पाणी खाली

मंदाबाईने नळीचं तोंड उचलून बादलीत सोडलं आणि पदराला हात पुसले. वर, पहिल्या मजल्यावरच्या ताराबाईच्या खिडकीत एसी घुमत होता. भंडाऱ्याच्या त्या इमारतीत चौऱ्याऐंशी साली आलेला तो पहिलाच. ताराबाईचा नवरा भैय्यालाल पितळी भांड्यांचा व्यापारी. त्याने तो पोळ्याच्या आधी नागपूरहून आणला होता.

सुरुवातीला त्याचं पाणी मंदाबाईच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर टपकायचं. तेव्हा बरं होतं. एकदा तर भिजलेलं लुगडं हातात घेऊनच ती जिना चढून गेली होती, तोंडात शब्द तयार ठेवून. पण ताराबाई भांडलीच नाही. "चुकलं आमचं," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून नळी खाली मोरीपर्यंत आणून दिली. तक्रार संपली, घुमणं तेवढं राहिलं. भाद्रपदातल्या उकाड्यात, मानेवरचा घाम टिपत, मंदाबाई दुपारभर ते ऐकत बसायची.

त्या दिवशी मोहाडीहून तिची नणंद कौशल्याबाई आली, ती नळी पाहून दारातच थबकली.

"हे तं एसीचं पाणी दिसते. दादानं एसी घेतला काय, वहिनी? मले सांगितलंबी नाही."

मंदाबाईने बादली उगाच जराशी सरकवली.

"सांगून काय करता," ती म्हणाली. "लाइटच राहत नाही घडीभर."

जिन्यात पावलं थांबली. भाजीची पिशवी घेऊन ताराबाई दुसऱ्याच पायरीवर उभी होती. मंदाबाईचे कान तापले.

"दोघींचा हाय जी," ताराबाई कौशल्याबाईला म्हणाली. "हवा वर, पाणी खाली. चला, वर बसा. उन्हातून आल्या."

चेष्टा होती का? जिना चढताना मंदाबाई ती ताराबाईच्या चेहऱ्यावर शोधत राहिली. सापडली असती तर तिला सोपं गेलं असतं.

खोली गार होती. खाली बसून वाटायची त्याहून कितीतरी गार. कौशल्याबाई पलंगावर ऐसपैस बसली.

"अजून थंड नाही होत काय, वहिनी?"

मंदाबाई उठून एसीपाशी गेली. दोन बटणं होती. हात मध्येच अडला.

"उजवंच फिरवा, मंदाबाई," ताराबाई सहज बोलल्यासारखं म्हणाली. "डावं कालपासून अटकून राहिलं."

डावं अडकलेलं नव्हतं, हे मंदाबाईला कळलं. तिने उजवं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

"चहा ठेवतो," म्हणून ताराबाई बाहेर गेली आणि जाताना दार ओढून घेतलं. थोड्या वेळाने पलीकडून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येऊ लागला.

"शेजारीण चांगली हाय तुमची," कौशल्याबाई म्हणाली. "तिलेबी बोलवा ना आत. घामानं भिजली असन तिकडं."

मंदाबाईने पलंगावर पाय वर घेतले आणि भिंतीला टेकून बसली.

"राहू द्या," ती म्हणाली. "दार उघडलं का गारवा जाते."