इस्त्री आणि निबंध

"माझ्याकडे काय बघतेस? भिंतीकडे बघून बोल," म्हणत आत्याने आमच्याकडे पाठ केली आणि इस्त्री फिरवायला लागली.

स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती गल्लीतल्या आम्ही पाचसहा मुली, डोक्यावर उद्याचा इंग्रजी निबंध. आत्या दिवसभर टपाल कचेरीत तिकिटं विकायची आणि संध्याकाळी आमचा गृहपाठ घ्यायची. आयती ओळ मात्र कधी द्यायची नाही. वाक्य आधी तोंडाने बोलायचं, मगच लिहायचं. अडलो की ती "मग?" म्हणायची आणि थांबायची. टक लावून बघितलं की शब्द बुजतो, असं तिचं म्हणणं. म्हणून ती पाठ, म्हणून ती इस्त्री. एकेका वाक्यापायी एकच अभ्रा चारचारदा कडक व्हायचा.

सगळ्यात वेळ लागायचा मला. मी मराठीतसुद्धा धड बोलत नसे. एकदा आमच्या प्रवासाबद्दल सांगताना अशी अडकले, की ऐकता ऐकता आत्याचा हात जागीच थांबला आणि तिच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या, शर्टाची कॉलर करपली. मुली फिदीफिदी हसल्या. माझं वाक्य पुरं झाल्यावरच तिने इस्त्री उचलली. काका म्हणाले, "वाक्याला एक शर्ट! महाग पडतंय तुमचं इंग्रजी."

त्या एका वाक्याच्या जोरावर मी पुढे शिक्षिका झाले, जन्मभर वर्गात उभी राहून बोलत आले.

पुढे काका गेले, आणि काही वर्षांनी अर्धांगाच्या झटक्यात आत्याची वाचा गेली. बोलतं करा, नाहीतर कायमची मुकी होतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिची सून, आमची बिचारी वहिनी, तिच्या तोंडापुढे बसून "आई, पाणी म्हणा, पाणी" करायची. आत्या डोळे मिटून भिंतीकडे वळायची.

एका दुपारी मी जाऊन इस्त्री मागितली.

"का हो, तुमच्याकडे वीज गेलीय?" वहिनी म्हणाली, पण दिली.

पलंगाकडे पाठ करून मी टेबलावर उशीचा अभ्रा पसरला. "आत्या, सकाळपासून काय काय झालं, सांग बघू."

मी इस्त्री फिरवत राहिले.

"मग?"

अभ्रा उलटा केला, सुलटा केला. कितीतरी वेळाने मागून आवाज आला, "जे..." पुन्हा, "जेव..."

माझा हात थांबला. करपल्याचा वास सुटला. वहिनी धावत दारात आली. मी तिला डोळ्यांनीच थोपवलं आणि भिंतीकडे बघत हळूच म्हटलं, "मग?"